कामाक्षीसाठी ब्रँडीची बाटली

मी आयुष्यातली पहिली दारूची बाटली विकत घेतली ती वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, सिंगापूरच्या विमानतळावर, सकाळी साडेसात वाजता. साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं, आणि विमानतळावरच्या त्या दुकानात उभी राहिले तेव्हा कुणीतरी जुनी विद्यार्थिनी मागून हाक मारील की काय, अशी धास्ती वाटत होती. लग्न केलं नाही, त्यामुळे घरातही कधी असली बाटली आली नव्हती. विक्रेत्या मुलीनं विचारलं, कुठली दाखवू? मी चिठ्ठी पुढे केली. कामाक्षीनं फोनवर सांगितलेलं नाव मी लिहून घेतलं होतं.

सिंगापूरला भाचीच्या बाळंतपणासाठी गेले होते. तिथून सरळ मुंबईला येता आलं असतं. पण त्रिचीला थेट विमान आहे आणि त्रिचीहून तंजावूर तासा-सव्वातासावर, हे कळलं आणि मी कामाक्षीला फोन केला. पुण्यात एम. एस्सी. करताना आम्ही दोन वर्षं एका खोलीत राहिलो. ती तंजावूरच्या मराठी घरातली. तीनशे वर्षांपूर्वी राजांबरोबर गेलेल्यांपैकी तिचे पूर्वज. नंतर तिचं लग्न झालं, ती परत गेली. पत्रं येत राहिली, पुढे फोन. भेट मात्र अडतीस वर्षांत झाली नव्हती. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करता करता दोघींचे केस पिकले.

मी येते म्हटल्यावर तिनं आधी विमानाची वेळ लिहून घेतली. मग म्हणाली, "एक काम करशील काय? विमानतळावर ब्रँडी मिळते. एक बाटली आण."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"मला नव्हे गे," ती हसली. "ह्यांना. प्यायला नव्हे, डॉक्टर नको म्हणतात. नुसता वास द्यायचा आहे."

तिचे यजमान माधवराव मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होते. आठ-आठ, नऊ-नऊ महिने समुद्रावर. दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, उजवा हात गेला आणि वाचाही. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी म्हणाली होती की ओळखीचे वास दिले तर कधी कधी हरवलेले शब्द परत येतात. म्हणून ही ब्रँडी. जहाजावरून यायचे तेव्हा ते हीच आणायचे, आणि कामाक्षीच्या सासूला ती कफावरचं औषध म्हणून माहीत होती.

विक्रेत्या मुलीनं बाटली जाड पारदर्शक पिशवीत घातली, पावती आत दिसेल अशी ठेवली आणि वरची पट्टी दाबून बंद केली. "घरी पोचेपर्यंत उघडू नका," ती म्हणाली. मी मान डोलावली. वर्गात मुली डोलावतात तशी.

विमानात

माझी जागा वाटेकडेची. शेजारी मुरुगेशन नावाचे पन्नाशीचे गृहस्थ होते. क्रेन चालवायचे, दोन वर्षांनी पट्टुकोट्टैला घरी निघाले होते. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी मला मुलीच्या लग्नाचे फोटो दाखवले, मी शिक्षिका होते हेही विचारून घेतलं. तासाभरानं त्यांना झोप लागली. माझी पिशवी पायाशी होती.

पुढे जे केलं ते का केलं, हे खरं सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. लग्नानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत कामाक्षीची पत्रं नवऱ्याच्या वाटेकडे डोळे लावलेली असायची. 'पुढल्या महिन्यांत येतील', 'आले', 'गेले'. एका पत्रात तिनं लिहिलं होतं की ते आले की घरभर तीन वास येतात, इंजिनच्या तेलाचा, परदेशी साबणाचा आणि ब्रँडीचा. ते गेले की ती उशीचा अभ्रा आठवडाभर धूत नसे. ते पत्र मी शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत वाचलं होतं. उत्तरात मी शाळेच्या सहामाही परीक्षेबद्दल लिहिलं. मला तिचा हेवा वाटला होता, की माधवरावांचा, हे त्या दिवशीही नीट कळलं नव्हतं.

तर विमानात, तो वास कसला असतो, एवढंच मला पाहायचं होतं. मी पिशवीची पट्टी ओढली. ती तट्‌कन फाटली. बाटलीचं झाकण फिरवलं आणि नाक जवळ नेलं, तेवढ्यात विमानाला हिसका बसला. ब्रँडी माझ्या हातावर, पदरावर आणि थोडी मुरुगेशनच्या गुडघ्यावर सांडली.

ते दचकून उठले. "अम्मा!" एवढंच म्हणाले, पण त्या एका शब्दात सगळं होतं.

वाटेतून पाण्याची गाडी ढकलत येणारा तरुण कर्मचारी थांबला. पंचविशीचा असेल. माझ्या हातातली उघडी बाटली त्यानं पाहिली आणि चार रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात इंग्रजीत विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतःची दारू पिताय?"

"नाही, मी फक्त वास घेत होते."

पाठीमागून कुणीतरी हसलं. खरंच, पकडलेला प्रत्येक माणूस हेच म्हणत असेल.

"बाटली माझ्याकडे द्या. विमानात स्वतः आणलेली दारू उघडायला मनाई आहे. सील तुटलंय. मला याची नोंद करावी लागेल, खाली सुरक्षारक्षकांना बोलवावं लागेल."

"अहो, मी प्यायले नाही."

"पदराला वास येतोय, मॅडम."

बाटली घेऊन तो गेला. लोक माना वळवून बघत होते. पलीकडच्या रांगेतल्या बाईनं आपल्या मुलाला खिडकीकडे सरकवलं. माझे कान तापले. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मुलांना कॉपी करताना पकडत आले, पकडलं गेल्यावर माणसाला कसं होतं ते मला माहीत नव्हतं. त्यातून मी पदराला वेणीसारखा पीळ घालत बसले, जणू तो पिळला तर प्रकरण मिटेल. आणि कामाक्षीला काय सांगणार? बाटली तुझ्या नवऱ्यासाठी घेतली आणि माझ्या हावेपायी घालवली?

दहा मिनिटांनी एक वयानं मोठी बाई आली. गणवेश तोच, पण कानशिलावरचे केस पांढरे. ती वाटेतच उकिडवी बसली, तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला. हळू आवाजात म्हणाली, "अम्मा, काय झालं ते मला सांगा."

मी सांगितलं. माधवराव, वास, वाचा. माझ्या हेव्याचं तेवढं सोडून सगळं. मुरुगेशनही आपणहून म्हणाले, "टीचरम्मा प्यायल्या नाहीत. मी साक्षीला आहे." ते झोपले होते, हे मी बोलले नाही.

बाईनं ऐकून घेतलं. "बाटली आत्ता परत देता येणार नाही," ती म्हणाली. "नियम सगळ्यांना एकच. मी झाकणावर पट्टी लावून तुमचा आसनक्रमांक लिहून ठेवते. उतरताना दारात मिळेल. नोंद होईल, पण तुम्ही प्यायला नव्हता हेही त्यात लिहीन." उठता उठता ती थांबली. "त्या मुलाचा राग धरू नका. गेल्या महिन्यात याच मार्गावर एकानं अशीच बाटली उघडली, अर्धी संपवली आणि हा ती मागायला गेला तर त्यानं याच्या तोंडावर कोपर मारलं. दोन टाके पडले. तेव्हापासून झाकण उघडल्याचा आवाज आला की तो असा होतो."

त्रिचीला उतरताना विमानाच्या दारात तो मुलगाच बाटली घेऊन उभा होता. ओठाच्या कोपऱ्यावर बारीक रेघ दिसली. दोन्ही हातांनी बाटली पुढे करत म्हणाला, "सॉरी, अम्मा."

"नियम मी मोडला. सॉरी मी म्हणायचं," मी म्हटलं. तो पहिल्यांदा हसला, आणि मग मलाही श्वास नीट घेता आला.

तंजावूर

त्रिची सोडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणी सुरू होतं. कालवे, भातखाचरं, केळी, पुन्हा कालवे. आमच्याकडे नदी दरीतून धावते आणि आपण ती वरून बघतो. इथं कावेरी हजार हातांनी शेताशेतांत शिरलेली, तिचा आवाजही येत नाही. टॅक्सीत मी खिडकी उघडी ठेवली, पदराचा वास जावा म्हणून.

राजवाड्यामागच्या गल्लीत कामाक्षीचं घर. दोन खोल्या खाली, दोन वर, दाराशी स्कूटर आणि ओटीवर ठसठशीत कोलम, म्हणजे आपली रांगोळी. ती फाटकाशी उभी होती. मी तिला ओळखलं ते चालण्यावरून. चेहरा मला शोधावा लागला.

"ये गे नलू," ती म्हणाली. "वाटेंत वेळ लागला काय? उन्हांत उभी राहू नको, ये."

मिठी मारताना तिनं नाक मुरडलं. "अय्यो! काय गे हा वास?"

ओटीवरच बसून मी तिला विमानातली सगळी हकीकत सांगितली. ती इतकी हसली की शेजारची बाई बाहेर आली. तिला कामाक्षीनं तमिळमध्ये काय सांगितलं कोण जाणे, दुसऱ्या दिवसापर्यंत गल्लीत मी 'ब्रँडी टीचर' झाले होते.

माधवराव आतल्या खोलीत आरामखुर्चीत बसलेले. उंच माणूस, पण अंग घडी घातल्यासारखं. मी नमस्कार केला. त्यांनी डावा हात किंचित उचलला. डोळे माझ्यावर आले आणि मला ओलांडून दाराकडे गेले. कामाक्षी म्हणाली, "मराठी पुरती गेली त्यांची. सहा-सात तमिळ शब्द राहिले आहेत. तण्णी, वेणाम्, असले. पाणी, नको. माझें नाव देखील नाही."

जेवण केळीच्या पानावर. आंबटभाजी होती, चिंचेतली पालेभाजी हरभऱ्याची डाळ घालून केलेली, आणि डांगर पचडी. डांगर माझ्या आजीकडे असायचं, उडदाच्या पिठाचं, ताकात कालवलेलं. आमच्या घरातून ते कधी नाहीसं झालं कळलं नाही, आणि इथं ते पानाच्या डाव्या बाजूला मोहरीच्या फोडणीसकट बसलेलं. मी तीनदा वाढून घेतलं. भात किती वेळा आला ते मोजलं नाही. आमच्याकडे पोळी संपली की जेवण संपत आलं. इथं आधी सांबार-भात, मग सार-भात, मग ताक-भात, जेवण संपायला तयारच नाही. कामाक्षी समोर बसून वाढत होती आणि सारखी बोलत होती. मध्येच म्हणाली, "दोन वर्षांनी घरांत कोणी माझ्याशी मराठी बोलतें आहे. मुलगा चेन्नईंत, नातवंडांना समजतें पण तीं उत्तर इंग्रजींत देतात. कधीं कधीं मी भांडीं घांसतांना आपल्याशींच बोलतें."

संध्याकाळी मोठ्या देवळात गेलो. दगड दिवसभराचं ऊन धरून बसले होते; तळपाय उचलत, हसत, दोघी म्हाताऱ्या सावलीसावलीतून चाललो. देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरलेला लांबच लांब लेख आहे, राजघराण्याचा इतिहास. कामाक्षीनं त्यातल्या दोन ओळी बोट लावून वाचल्या. अडखळत, कारण तिलाही आता देवनागरीची सवय उरली नाही. आजूबाजूनं शेकडो माणसं जात होती. त्या भिंतीपुढे आम्ही दोघीच थांबलो होतो.

ब्रँडी आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी चारला उघडली. कामाक्षीनं आधी माधवरावांची दाढी केली, धुतलेला सदरा घातला. पितळी पेल्यात अंगठ्याएवढी ब्रँडी ओतली. खिडकी लावून घेतली, वास बाहेर जाऊ नये म्हणून. मग पेला त्यांच्या नाकाजवळ धरून म्हणाली, "बघा बघूं. कसला वास? जहाज आठवतें काय?"

ते थांबले. नाकपुड्या हलल्या. कामाक्षीनं माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पेल्यात डोकावून पाहिलं, तोंड वेंगाडलं, मान वळवली आणि स्पष्ट म्हणाले, "कापी."

कॉफी. त्यांची कॉफीची वेळ झाली होती.

कामाक्षी हसायला लागली. हसता हसता खुर्चीच्या कडेला धरून खाली बसली, आणि मला कळायच्या आत ते हसणं राहिलं नाही. पेला तिच्या हातातच होता. तिनं तो स्वतःच्या नाकाशी धरला, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ तशीच राहिली. मी आत जाऊन दूध तापत ठेवलं. कॉफी करून आणली, तिथल्यासारखी फेस काढून, मला जमेल तशी. माधवरावांना पाजली.

मग ती म्हणाली, "त्यांच्यासाठीं म्हणून सांगितलें तुज. खोटें नव्हे तें. पण मलाच पाहिजे होता गे हा वास. ते समोर बसलेले असतात, रोज न्हाऊ घालतें, भरवितें. आणि रोज वाट पाहतें. पूर्वीं आठ महिने पाहिली कीं येत होते."

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. विमानात बाटली का उघडली, ते तेव्हा तिला सांगितलं. हेव्याचंही. पेला तिनं माझ्या नाकाशी धरला. विमानात घाबरल्यामुळे मला तो वास नीट कळलाच नव्हता. जळक्या साखरेचा, जुन्या लाकडाचा, आणि तळाशी काहीतरी झोंबणारं.

पापनाशम

चौथ्या दिवशी माझी चेन्नईची गाडी होती. पापनाशमला कामाक्षीची थोडी शेती आहे, खंडानं कसायला दिलेली. ती म्हणाली, सकाळी तिथं जाऊ, तुला तिथूनच गाडीत बसवतें. माधवरावांपाशी शेजारीण बसली आणि आम्ही बसनं निघालो.

भात पोटरीत आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. बांधावरून चालताना माझा पाय घसरला आणि मी घोट्यापर्यंत चिखलात. कामाक्षीनं कालव्याच्या पाण्यानं माझे पाय धुतले, मी नको नको म्हणत असताना. तिथंच मी, बरीच वर्षं मनात होतं ते, बोलून टाकलं. पुण्यात मी तिचं मराठी सारखं दुरुस्त करायची. ती 'कोठें' म्हणाली की मी 'कुठे' म्हणायची, 'इतुकें'ला 'इतकं'. वसतिगृहातल्या बाकीच्या मुली हसायच्या.

"मला त्याची लाज वाटते, कामाक्षी."

ती पाय धुतच राहिली. "मला येत होतें गे तुमचें मराठी. पहिल्या तीन महिन्यांत आलें. मुद्दाम चुकत होतें मी."

"का?"

"तू सदा पुस्तकांत. चुकलें कीं तेवढी मान वर करून मजकडे पाहत होतीस."

पाण्यात एक पांढरा बगळा उभा होता, त्याच्याकडे दोघी बघत बसलो.

स्टेशनात फारसं कुणी नव्हतं. गाडी आली. मी डब्यात चढत असताना ती म्हणाली, "राहतेस काय आणखी चार दिवस?" मी म्हटलं, तिकीट आहे, घर दीड महिना बंद आहे, कुंड्या वाळल्या असतील. ती म्हणाली, "सरि, सरि," म्हणजे बरं बरं, आणि गाडी हलली.

पंधरा मिनिटांत कुंभकोणम आलं. आणि मी उतरले. विचार केला असं म्हणता येणार नाही. पेटी उचलली आणि उतरले. बाहेर येऊन तंजावूरची बस धरली. दीड तास उभ्यानं प्रवास केला. फाटकाशी पोचले तेव्हा कामाक्षी ओटीवर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली. आश्चर्य वगैरे काही नाही.

"जेवलीस काय?" तिनं विचारलं.

आठ दिवस राहिले. सकाळी माधवरावांचे व्यायाम, दुपारी भाजी निवडणं, संध्याकाळी गल्लीतून चक्कर, आणि दिवसभर बोलणं. कामाक्षी तिच्या मराठीत, मी माझ्या. ब्रँडी कपाटात राहिली. रोज दुपारी चारला ती झाकण उघडून एकदा वास घ्यायची आणि लावून ठेवायची. माधवरावांना नवा शब्द आला नाही.

नवव्या दिवशी ती स्टेशनवर आली नाही. "मी आलें तर तू पुन्हा उतरशील," म्हणाली. "तुझेंही घर आहे." ओटीवरून हात हलवला आणि आत गेली, कारण आतून माधवरावांनी हाक मारली होती. हाक म्हणजे नुसता आवाज, नाव नव्हे.

पापनाशम मागे पडलं. कुंभकोणमला गाडी थांबली तेव्हा मी पेटी जागेवरच ठेवून दारापर्यंत गेले. फलाटावर फुलं विकणारी बाई होती, चहावाला होता. दोन मिनिटांनी शिटी झाली. दांडा धरून मी उभी होते, आणि गाडी मला घेऊन निघाली.